पोपटाऐवजी कॅनरी

ता. ४ जून

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर सांगितलं असतं, पण फोन बैठकीच्या खोलीत आणि हेही दिवसभर तिथेच. म्हणून दवाखान्यात औषधांच्या खिडकीशी बसून लिहिते आहे. मध्येच कुणी खोकल्याचं औषध मागायला आलं तर वाक्य तुटेल, सांभाळून घे.

आधी चांगली बातमी. यांची तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, गाठ मुळासकट गेली, आता अधूनमधून तोंड दाखवून जा आणि बाकी मजेत राहा. मी तिथेच खुर्चीत मटकन बसले.

पण गाठीबरोबर स्वरयंत्रही गेलं, ते काही परत येणार नाही. गळ्याला केलेल्या भोकातून श्वास, त्यावर जाळीचा रुमाल, आणि बोलणं सगळं पाटीवर. बस स्थानकावर यांची घोषणा झाली की माणसं हातातला चहा तसाच टाकून पळायची. तो माणूस आता जेवताना ‘मीठ’ एवढं लिहून पाटी पुढे सरकवतो. गळ्याला टेकवून बोलायचं एक यंत्र मिळालं आहे. शिकवणाऱ्या बाईंकडे हे जाऊनही आले. यंत्रातून पहिला शब्द निघाला तो ऐकला आणि पाटीवर लिहिलं, ‘फ्रिज बोलतोय.’ तेव्हापासून यंत्र खणात आहे. मी विषय काढला की पाटी पालथी घालतात.

आता नवीनच खूळ. बोलका पोपट हवा म्हणतात. पाखरांच्या दुकानदाराने सांगितलं की महिनाभरात घडाघडा बोलायला लागेल. मला वाटतं, घरात काही तरी बोलेल, बरंच होईल. पण भीतीही वाटते. तू दातांच्या दवाखान्यात इतकी वर्षं पाखरं पाळतोस, तूच सांग काय करू. वहिनींना नमस्कार.

माझ्यावर तुझा जीव आहेच, तो असाच राहू दे.
तुझी ठकू

ता. ११ जून

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तपासणीचं वाचून तुझ्या वहिनीचा आणि माझा जीव भांड्यात पडला. तिने पत्र दोनदा वाचायला लावलं, डॉक्टरांचं वाक्य तिसऱ्यांदा.

आता पोपट. माझं मत विचारतेस तर नको. पोपट वाईट म्हणून नव्हे, फार चांगला म्हणून. त्याला माणसाचं मन असतं आणि माणसाचीच सोबत लागते. दिवसभर कुणी त्याच्याशी बोललं, खेळलं तर ठीक, नाहीतर तो कंटाळून स्वतःचीच पिसं उपटतो. मोठ्या जातीचा असेल तर तुमच्यामागेही उरेल, मग तो कुणाच्या पदरात टाकायचा हे आत्ताच ठरवावं लागेल. आणि बोलायला शिकवणार कोण? तूच. म्हणजे संध्याकाळी दमून आल्यावर तुझीच वाक्यं तुला परत ऐकायची. दुकानदाराचं काय, माझ्याकडेही कवळी बसवण्याआधी लोकांना सगळं सोपंच वाटतं.

दुसरं, तुरेवाले छोटे पोपट मिळतात, कॉकॅटील म्हणतात, स्वभावाने गोड असतात. पण त्यांच्या पिसांतून पिठासारखी पूड झडते. उघड्या श्वासनळीच्या माणसाला ती चालायची नाही. कुठलंही पाखरू आणण्याआधी डॉक्टरांना विचारच, आणि पिंजरा झोपायच्या खोलीत नको.

माझ्या दवाखान्यात फिंच आहेत, चिमणीहून लहान पाखरं. हे चिमुकले जोडीनेच ठेवायचे, एकट्याने झुरतात. माणसाने हात लावलेला त्यांना खपत नाही, त्यांची आपापसात अखंड कुजबुज चालते. ती ऐकून माझे पेशंट दाताचं दुखणं थोडा वेळ विसरतात. गाणं हवं असेल तर कॅनरी. नर घ्यायचा, मादी सहसा गात नाही. तो एकटा सुखात असतो, दोन नर एकत्र ठेवलेस तर गाणं राहील बाजूला, मारामारी बघत बसाल.

आणि आधी घर, मग पाहुणा. पिंजरा उंच नको, लांब हवा, पाखरू आडवं उडतं, लिफ्टसारखं वरखाली करत नाही. गज इतके जवळ की डोकं बाहेर निघू नये. एक बाजू भिंतीला, म्हणजे त्याला पाठीमागची धास्ती नाही. थेट वाऱ्याच्या झोतात नको. स्वयंपाकघरात तर मुळीच नको, तापलेल्या नॉनस्टिक तव्याची वाफ त्यांच्या जिवावर बेतते.

पण ठकू, हे सगळं तू ठरवू नकोस. त्यांना ठरवू दे. हे पत्र वाटल्यास उघडं ठेव टेबलावर.

पत्राची वाट पाहायला लावू नकोस.
दादा

ता. २ जुलै

मेहुणेबुवांस,
स. न. वि. वि.

तुमच्या बहिणीने तुमचं पत्र टेबलावर इतकं उघडं ठेवलं होतं की त्यावर चहाचा कपसुद्धा ठेवायची सोय उरली नव्हती. वाचलं. पोपट रद्द. कवळीचा दाखला विशेष पटला.

पण माझ्यावर एक आरोप आहे, तो खोडतो. तुम्हा दोघांना वाटलं, मला माझ्या आवाजाची हौस पोपटाकडून भागवायची आहे. तसं नाही. संध्याकाळी ठकू घरी येते आणि एकटीच बोलते. दिवसभर कोण आलं, कुणाचं औषध संपलं होतं, कोण कुणावर खेकसलं. मी पाटीवर उत्तर लिहीपर्यंत तिची गोष्ट पुढे गेलेली असते. कुणी फोनवर बोलत असावं आणि आपल्याला एकच बाजू ऐकू यावी, तसं आमचं घर झालं आहे. तिला लगेच ओ देईल असं कुणी तरी घरात असावं, एवढंच मनात होतं. हे तिला सांगू नका. पाटीवर लिहायला बसलो होतो, ओळी वाढत गेल्या, पुसून टाकलं.

असो. डॉक्टरांनी परवानगी दिली. रुमाल बांधलेला ठेवा आणि पिंजरा झाडताना नाकातोंडाआधी गळा जपा म्हणाले. मग मी पाटी घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराने पाटी पाहिली आणि मला बहिरा ठरवून कानाशी येऊन ओरडायला लागला. सगळी पाखरं घाबरून गप्प. मी लिहिलं, ‘ऐकू येतं, तुमच्यापेक्षा चांगलं.’ त्यानंतर त्याने मला स्टूल दिलं. मी पिंजऱ्यांकडे पाठ करून बसलो. रंगाला भुलायचं नव्हतं. एकाचा आवाज चिरका, एक मध्येच दम सोडत होता. एक मात्र खालून सुरू करून सावकाश वर नेई, आणि शेवटचा सूर टाकून न देता नीट खाली ठेवी. तोच घेतला. वळून पाहिलं तर रंगाने मळकट पिवळा आणि एका डोळ्यावर काळा डाग. ठकूने त्याचं नाव ‘साहेब’ ठेवलं आहे.

पिंजरा मी स्वतः आखून करून घेतला. हातभर उंच, त्याच्या दुपटीहून लांब. दांड्या वेगवेगळ्या जाडीच्या, म्हणजे पाय आखडत नाहीत असं कळलं. बैठकीच्या खोलीत, डोळ्यांच्या उंचीवर, भिंतीला लागून. सकाळी साहेब गातात तेव्हा रस्त्यावरचा चांभारही हातोडी थांबवतो.

तुमचं येणं कधी? दात सोडून इतर कारणासाठी भेटायला आवडेल.
तुमचा मेहुणा

ता. २९ ऑगस्ट

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

घाईत लिहिते. साहेबांनी गाणं बंद केलं आहे. आधी कमी झालं, मग नुसतं चिवचिव, आता तेही नाही. पिंजऱ्यात खाली पिसंच पिसं. अंग फुगवून बसतो. मानेवर तर कातडी दिसायला लागली आहे.

मला पाखराची काळजी आहेच, पण यांची जास्त. काल जेवले नाहीत. पाटीवर लिहिलं, ‘माझं दुखणं लागलं त्याला.’ मी म्हटलं, असं कुठे असतं का, मी औषधाच्या खिडकीत उभी असते, मला कळतं. तर पाटी पुसून खिडकीकडे तोंड करून बसले. दादा, हे पाखरू गेलं तर मी यांना कसं सावरू? दुकानदार म्हणतो, दुसरं घेऊन जा. त्याला काय कळणार.

उलट टपाली लिही.
ठकू

ता. १ सप्टेंबर

चि. ठकूस,
अ. आ.

घाबरू नका, दोघंही. ही पिसं बदलण्याची वेळ आहे. दरवर्षी दिवस लहान व्हायला लागले की कॅनरीची जुनी पिसं गळतात, नवी येतात, आणि तोवर नर गात नाही. सगळी ताकद पिसांत जाते, गळ्याला उरत नाही. आजार नाही, दुरुस्ती आहे. हे आधीच लिहायला हवं होतं, ते माझ्या ध्यानातून गेलं.

खाणं चालू आहे ना आणि डोळे तरतरीत आहेत ना, तेवढं पाहा. उकडलेलं अंडं कुस्करून थोडं द्या, काकडीची चकती, पिंजऱ्यात चोच घासायला समुद्रफेसाचा तुकडा, आंघोळीला उथळ बशीत पाणी. वाऱ्यापासून जपा. महिना-दीड महिना धीर धरा.

मेहुण्यांना सांग, दुखणं लागायला आधी ते असावं लागतं. त्यांचं डॉक्टरांनी काढून टाकलं आहे.

निश्चिंत झालात की तसं कळव, म्हणजे मीही होईन.
दादा

ता. ५ ऑक्टोबर

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आज खिडकीशी रांग असली तरी लिहिणार आहे. खोकणाऱ्यांनी थोडं थांबावं.

काल दुपारी लवकर सुटले. उकाडा मरणाचा. घरी आले की माझा हात आधी पंख्याच्या बटनाकडे जातो, मग चपला. तसाच दार उघडून हात पुढे केला, आणि घरात कुणी तरी म्हणालं की थांब, पंखा लावू नकोस. आवाज सपाट, घोगरा, कधी न ऐकलेला. कुणी परका माणूस शिरला असं वाटून हातातली पिशवी खाली पडली. पाहते तर खोलीच्या दुसऱ्या टोकाला हे उभे, यंत्र गळ्याला टेकवलेलं, दुसरा हात वर. बोटाच्या रोखाने वर बघितलं. साहेब पंख्याच्या पात्यावर बसले होते. पिंजरा पुसताना दारातून निसटलेले. माझं बोट बटनापासून वीतभर होतं, दादा. पाटीवर लिहायला गेले असते तर लिहून होईपर्यंत सगळं आटोपलं असतं.

पडदे ओढले, पिंजऱ्याचं दार उघडून दाणे ठेवले आणि आम्ही दोघं जमिनीवर बसून राहिलो. बऱ्याच वेळाने साहेब आपल्या मर्जीने उतरले, आत गेले, दाणे फोडायला लागले.

मग डोक्यात उजेड पडला की यंत्र खणात होतं, हातात कसं आलं? विचारलं. पाखरू गप्प झाल्यापासून हे रोज मी दवाखान्यात गेल्यावर त्याच्यासमोर सराव करत होते. म्हणाले, त्याचं बंद आहे तोवर निदान मी तरी बोलावं, आणि तो फ्रिज म्हणून हसत नाही. मला रडू यायला हवं होतं, आला राग. महिनाभर पाखराशी बोलता आणि बायकोला पाटी? ते म्हणाले, नीट जमल्यावर ऐकवणार होतो, घोषणा कुणी कच्ची करतं का. मी म्हटलं, मला कच्चीच हवी होती. ते म्हणाले, मी आयुष्यभर त्यांचं वाक्य मध्येच तोडत आले. मी म्हटलं, तोडायला वाक्य होतंच कुठे इतके दिवस. दादा, वर्षभराचं साठलेलं सगळं निघालं. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई खाली येऊन विचारून गेल्या, सगळं ठीक आहे ना. मी सांगितलं, अगदी ठीक आहे, आम्ही भांडतो आहोत.

तेवढ्यात पिंजऱ्यातून आवाज आला. आधी खरखर, मग एक सूर, खालून वर. आमच्या कलकलाटात आपलाही आवाज असावा असं त्याला वाटलं असेल. आम्ही दोघं गप्प झालो, तर तोही थांबला. मग यांनी यंत्र उचललं आणि मला म्हणाले, चालू ठेव.

तुझी सुखी
ठकू

ता. ९ ऑक्टोबर

चि. ठकूस,
अ. आ.

तुझं पत्र सकाळी आलं, आणि दुपारी फोन. माझ्या मदतनीस बाईंनी दोनदा उचलून ठेवला. म्हणाल्या, लाइनमध्ये बिघाड आहे, नुसती घरघर येते. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी हातमोजा काढून स्वतः घेतला. समोरून आवाज आला की मेहुणेबुवा, पुढच्या महिन्यात तुमच्याकडे यायचं म्हणतो, फिंचची जोडी बघायची आहे, आणि ठकूला थोडी सुट्टी हवी आहे. एकेक शब्द सुटा, नीट, जसा फलाटावर सांगायचे तसा. मी विचारलं, कोणत्या गाडीने येणार. त्यांनी गाडी सांगितली, वेळ सांगितली, आणि सवयीने पुन्हा एकदा सांगितली.

फोन ठेवून वळलो तर खुर्चीतले पेशंट तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघत होते. त्यांना म्हणालो, चूळ भरा. त्यांनी चूळ भरली, तेवढ्यात मी डोळे पुसून घेतले.

खोली झाडून ठेवतो. दोघंही या, आणि येताना भांडत या.
दादा