बाबा तिच्याकडे बघून हसतात

४ फेब्रुवारी

चि. बारकीस,

ताईचा प्रभूमध्ये सलाम आणि अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी फोनवर तुटक बोलते अशी तुझी तक्रार आहे. बोलू कशी? आपल्या घराच्या भिंती पातळ. कुठल्याही कोपऱ्यात उभं राहून कुजबुजलं तरी बाबांना ऐकू जातं. झटक्याने त्यांची वाचा गेली, उजवं अंग लुळं पडलं, पण कान अजून तुझ्यामाझ्यापेक्षा तिखट आहेत. आणि सांगायचं आहे ते त्यांच्याविषयीच. म्हणून स्वयंपाकघरात ओट्यावर कागद ठेवून लिहिते आहे. अक्षराला नावं ठेवू नकोस.

तब्येत आहे तशीच आहे. शाळेतली शिवणाची नोकरी सोडून मला अकरा महिने झाले. तोंड धुण्यापासून नखं कापण्यापर्यंत सगळं मी करते, घास मी भरवते, कूस मी बदलते. त्यांना बोटसुद्धा हलवू देत नाही. उपकार म्हणून सांगत नाही. बाबांसाठी करायचं नाही तर कुणासाठी?

तर आता मुद्दा. आपल्या गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीचं दुकान आहे, त्या दुकानातली बाई दोन वर्षांपासून आपल्या चर्चमध्ये येते. सगळे तिला इस्त्रीवालीच म्हणतात. आजाऱ्यांना भेटायला जाणाऱ्यांत पाळकसाहेबांनी तिचं नाव घातलं आणि आपलं घर तिच्या वाट्याला आलं. मंगळवारी आणि शुक्रवारी तासभर येते. मी तेवढ्यात औषधं, बाजार उरकून घेते. सोय झाली म्हणून मी देवाचे आभारही मानले होते, खोटं कशाला सांगू.

मागच्या शुक्रवारी मी पिशव्या घेऊन जिना चढत होते आणि वरून हसण्याचा आवाज आला. तिचा आला, त्याचं काही नाही. पण बारके, दुसरा आवाज बाबांचा होता. अर्ध्या तोंडाचं, घोगरं, पण हसूच. अकरा महिन्यांत मी तो आवाज ऐकला नव्हता. मी दारात पोचले तर दोघंही गप्प. बाबांनी डोळे मिटून घेतले. मी दूध आणलं तर मान फिरवली.

कडी म्हणजे रविवारचा उपदेश. विषय होता करुणा. पाळकसाहेबांनी पुलपिटावरून तिचं उदाहरण दिलं. दिवसभर तापल्या इस्त्रीशी उभी राहणारी ही बहीण दुसऱ्याच्या वडिलांपाशी कशी बसते, वगैरे. सगळं चर्च वळून तिच्याकडे बघत होतं आणि ती मान खाली घालून बसली होती. दुसऱ्याचे वडील म्हणजे माझेच की. मी तिसऱ्या बाकावर होते. माझ्याकडे एकानेही वळून पाहिलं नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. नंतर प्रार्थनेत मी डोळे मिटले ते रडू दिसू नये म्हणून.

आता मला बोल लाव. पण उत्तर लिही. तुझ्या रात्रपाळ्या कमी झाल्या का ते कळव. लोभ आहे तेवढा राहू दे, वाढवलास तर चालेल.

तुझी
ताई

१३ फेब्रुवारी

ती. ताईस,

प्रभूच्या नावात सलाम. वि. वि.

पत्र पोचलं. वॉर्डातल्या टेबलावरच वाचलं आणि एवढी हसले की शेजारच्या नर्सने चांगली बातमी आहे का विचारलं. मी म्हटलं, माझ्या बहिणीच्या पोटात दुखतंय, त्याला औषध शोधते आहे.

लहानपणी बाबा मला खांद्यावर घेऊन आपल्या चष्म्यांच्या दुकानात नेत, तेव्हा तू मला चिमटे काढायचीस. दंडावरच्या त्या खुणा गेल्या, पण सवय गेलेली दिसत नाही. आता चिमटे काढायला इस्त्रीवाली मिळाली.

एवढं चिडवून झालं, आता खरं लिहिते. मला तुझाच हेवा वाटतो. तू बाबांची कूस बदलतेस आणि मी इथे अनोळखी म्हाताऱ्यांची बदलते. सगळे म्हणतात नर्सबाईंच्या हाताला गुण आहे, आणि तो हात आपल्या माणसाला लागत नाही. त्यात आता ही तिसरीच बाई. तिच्यासमोर ते हसतात हे वाचून, ताई, मलाही बरं वाटलं नाही. तुझ्यासमोर हसले असते तर चाललं असतं, तू आपल्यातली. परकीने काय जादू केली?

तासभर ती नेमकं करते काय, ते एकदा बघ. आजाऱ्याच्या घरात शिरणारे सगळेच देवमाणूस असतात असं नाही, वॉर्डात मी बरेच नग पाहिलेत. बाबा बोलू शकत नाहीत, तक्रारही करू शकत नाहीत. उगाच कुणावर आळ घ्यायचा नाही, पण डोळे उघडे ठेव.

रात्रपाळ्या आहेतच. पायांना सूज आहे, जीभ मात्र शाबूत आहे हे तुझ्या लक्षात आलंच असेल. बाबांच्या कपाळावर माझा हात ठेव, आणि लोभात त्या बाईला वाटेकरी करू नकोस.

तुझी
बारकी

२४ फेब्रुवारी

चि. बारकीस,

सलाम आणि आशीर्वाद. वि. वि.

तुझं म्हणणं खरं निघालं. मंगळवारी मी बाजाराला जाते म्हणून निघाले आणि अर्ध्या जिन्यातून परत आले. चपला हातात घेऊन, चोरासारखी. आपल्याच घरात असं शिरायची वेळ आली.

काय दिसलं सांगू? बाबांना उशांच्या आधाराने बसवलं होतं. पांघरुणावर मोडके चष्मे मांडलेले, एक सोडून तीन. बाबांच्या डाव्या हातात त्यांचाच बारीक स्क्रूड्रायव्हर, जो मी दुकान बंद केलं तेव्हा कपाटात वर ठेवला होता. ती फ्रेम धरून बसली होती आणि बाबा घामाघूम होऊन चष्म्याची दांडी बसवत होते. हात असा थरथरत होता की मला बघवेना. पन्नास वर्षं लोकांचे चष्मे केले त्या माणसाने, आता अंथरुणातही सुटका नाही. इस्त्रीला आलेल्या गिऱ्हाइकांचे चष्मे गोळा करून आणत असणार, फुकटात काम आणि वर गल्लीत नाव. आणि पुलपिटावरून कौतुक हिचं.

तळपायाची आग मस्तकात गेली. आल्या पावली परत फिरले. ती गेल्यावर चिठ्ठी लिहिली आणि खालच्या शेजारणीच्या हातून दुकानात पाठवली. लिहिलं की बाबांना त्रास होतो, डॉक्टरांनी पूर्ण विश्रांती सांगितली आहे, तरी यापुढे येऊ नये. हे घर आहे, चष्म्यांचं दुकान नाही, असंही लिहिलं. डॉक्टरांनी असं काही सांगितलेलं नाही. तेवढं खोटं माझ्या नावावर.

स्क्रूड्रायव्हर परत कपाटात ठेवला. शुक्रवारी ती आली नाही. बाबा चार वाजल्यापासून दाराकडे बघत होते. मी सांगितलं, तिला काम निघालं असेल. त्या दिवसापासून जेवण कमी झालंय. दोन घास घेतात आणि ओठ घट्ट मिटतात. हवा बदलली आहे, त्यानेही असेल.

बरं केलं ना मी? लवकर लिही. तुझ्या लोभाचीच आता भिस्त आहे.

तुझी
ताई

५ मार्च

ती. ताईस,

सलाम. वि. वि.

घाईत लिहिते. बरं केलंस असं लिहायला कागद घेतला होता, पण तुझ्या पत्रातलं शेवटचं वाचून हात थांबला. ओठ मिटणं हे हवेने होत नाही. दोन घासांवर किती दिवस झाले? सूप, दूध तरी घेतात का? लघवी नीट होते का? वॉर्डात अशी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना दुखत नसतं, ताप नसतो, आणि ती भिंतीकडे तोंड करून संपतात. चार दिवसांत खाल्लं नाही तर त्यांना दवाखान्यात न्यावं लागेल, आणि तिथे नळी घालतील. बाबांना नळी नको गं.

डोळे उघडे ठेव असं मीच लिहिलं होतं. तेव्हा माझे स्वतःचे कुठे उघडे होते? मी रजा मागितली आहे. मिळेपर्यंत काहीही कर, आणि कळव.

तुझी
बारकी

६ मार्च

आदरणीय शिवणबाईंना,

सलाम. पत्रास कारण की, तुमची चिठ्ठी मिळाली. उत्तर लिहू की नको यात दोन आठवडे गेले. खालच्या बाई म्हणाल्या की बाबा जेवत नाहीत, म्हणून लिहिते. माझं लिहिणं बेताचं आहे, चुकलं तर समजून घ्या.

ते चष्मे कुणा गिऱ्हाइकाचे नाहीत. एक माझा आहे. दोन माझ्या मालकांचे आहेत, ते वारले तेव्हापासून पेटीत होते. त्यांचे स्क्रू मीच ढिले करून आणायची. दर वेळी तेच तीन. माझे मालक दोन वर्षं अंथरुणावर होते. मी त्यांचं सगळं केलं, त्यांना काहीच करू दिलं नाही. शेवटी शेवटी ते म्हणाले, तू मला जिवंतपणीच पुरून टाकलंस. ते मला आयुष्यभर पुरेल. म्हणून मी बाबांना म्हटलं, माझा चष्मा ढिला झालाय, बघता का.

बाबांना मी फसवलं नाही हो. त्यांना दुसऱ्याच खेपेला कळलं. आपण घट्ट केलेला स्क्रू आपोआप कसा सुटला हे त्यांना कळणार नाही का? त्यांनी चष्मा बघितला, माझ्याकडे बघितलं आणि हसले. मीही हसले. मग दर खेपेचंच झालं. आम्ही हसायचो ते त्याला.

स्क्रूड्रायव्हर मी विचारून घ्यायला हवा होता. बाबांनी कपाटाकडे हात केला आणि मी काढला, ती माझी चूक. तुम्ही वडिलांचं एवढं करता, तुम्हाला दुखवायचं नव्हतं. मी प्रार्थनेत तुम्हा दोघांचं नाव घेते. बाबांना सांगा, स्क्रू ढिलेच आहेत.

आपली
इस्त्रीवाली

१० मार्च

चि. बारकीस,

सलाम आणि खूप आशीर्वाद. वि. वि.

इस्त्रीवालीचं पत्र सोबत पाठवते आहे. आधी ते वाच, मग हे.

वाचलंस? मी ते ओट्याशी उभ्यानेच वाचलं, दोनदा. बारके, मी वर्षभर बाबांना सगळं दिलं आणि त्यांच्याकडे एकदाही काही मागितलं नाही. त्यालाच मी माया म्हणत होते. करुणेवरचा तो उपदेश माझ्यासाठीच होता आणि मी बाकावर बसून फक्त नाव कुणाचं घेतलं ते ऐकलं.

काल दुपारी दुकानात गेले. ती कुणाचा तरी शर्ट इस्त्री करत होती. माफी मागायचं घोकून गेले होते आणि तोंडातून निघालं ते एवढंच की बाबांनी सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलेलं नाही. तिने शर्ट अर्धा तसाच ठेवला, इस्त्री बाजूला केली आणि माझ्यासोबत निघाली. वाटेत मी डॉक्टरांविषयीचं खोटं कबूल केलं. ती म्हणाली की ते तिला तेव्हाच कळलं होतं, आणि माझ्या जागी ती असती तर तिने याहून मोठं खोटं लिहिलं असतं.

बाबा भिंतीकडे तोंड करून होते. तिचा आवाज ऐकून वळले. मी कपाटातून स्क्रूड्रायव्हर काढून त्यांच्या हातात दिला. तिने गडबडीत चष्मे आणलेच नव्हते, तिचा स्वतःचाही दुकानात राहिला होता. आम्ही दोघी वेड्यासारख्या उभ्या. तेवढ्यात बाबांनी डावा हात माझ्या तोंडाकडे नेला. मला वाटलं मारतायत, आणि खरं सांगते, मी चेहरा पुढे केला. त्यांनी माझा चष्मा काढून घेतला. उजेडात धरला, दांडी हलवून बघितली आणि माझ्याकडे बघितलं, लहानपणी वही अस्वच्छ असली की बघायचे तसं. दांडी खिळखिळी झाली होती. किती महिने, देव जाणे. मी रोज घास भरवायला वाकत होते तेव्हा त्यांना ती समोर दिसत होती, आणि बोलता येत नव्हतं.

पाऊण तास लागला. फ्रेम तिने धरली. दोनदा स्क्रू पांघरुणात पडला, दोनदा तिने शोधला. मी स्टुलावर नुसती बसले होते. चष्म्याशिवाय मला दोघांपैकी कुणाचा चेहरा दिसत नव्हता, नुसते ढग. मग ते हसणं ऐकू आलं. या वेळी ते कशाला हसतायत ते मला ठाऊक होतं, मलाच हसत होते. मला हेवा वाटला का? वाटला. अजून वाटतो. तिच्याशी ते जसे हसतात तसे माझ्याशी कधी हसतील का, हे मी अजून मोजते. पण तिने उद्या यावं असं मीच तिला जिन्यात सांगितलं.

बाबांनी चष्मा मला स्वतःच घातला, एका हाताने. एक दांडी कानावर, दुसरी केसांत. मी ती नीट केली नाही. मग त्यांनी तोंड उघडलं आणि चमच्याकडे बोट केलं. मी भरवायला गेले तर मान हलवली, आणि चमचा माझ्या हातातून काढून घेतला. अर्धं अंगावर सांडलं. मी पुसलं नाही.

रजा मिळाली तर ये. नाही मिळाली तरी आता घाबरू नकोस. माझा तुझ्यावर लोभ आहे, तो मोजू नकोस.

तुझी
ताई