पान अकरावरची व्याख्या

२ डिसेंबर

प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं. वाटलं, आता ओरडा बसणार. पण नाही! "मॅडम, तुम्ही एलएलबी आहात ना? राष्ट्रीय सेवा योजनेत जे कायदेशीर शब्द येतात — स्वयंसेवक, लाभार्थी, मानधन, हमीपत्र — त्यांची एक पुस्तिका काढा. कुणालाच नीट अर्थ सांगता येत नाही."

"बघते, सर," म्हटलं आणि जिना उतरताना एकटीच हसले. एलएलबी! आयुष्यात सहा महिने वकिली केली. एकच दावा मिळाला, आणि त्याच्या तारखेला मी चुकीच्या कोर्टात जाऊन बसले. दीड तास. दुसऱ्यांचं भांडण लई मन लावून ऐकलं. मग राज्यशास्त्र शिकवायला लागले. इथं निदान वर्ग चुकला तर पोरं सांगतात.

९ डिसेंबर

"स्वयंसेवक" या एका शब्दाला चार तास गेले. शेवटी जमलं ते असं — "जी व्यक्ती स्वेच्छेने, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता सेवा देते व जिला फार तर मानधन मिळू शकते, परंतु जी नोकर समजली जात नाही, ती."

घरी गुरुशांतला वाचून दाखवलं. तो दुकानातल्या चादरींच्या याद्या करत होता. मान वर न करता म्हणाला, "म्हणजे नवरा."

२२ डिसेंबर

पुस्तिका छापून आली. चोवीस पानं. माझं नाव सरांच्या नावापेक्षा लहान आहे, पण आहे. ऑफिसातले इसूफभाई म्हणाले, "मॅडम, एक सही करके देव ना." दिली. तारखेसकट. घरी येऊन सहीचा सराव केला — वय वर्षं शेहेचाळीस!

३ जानेवारी

सेवा योजनेचं हिवाळी शिबिर ठरलं, कार्यक्रम अधिकारी मीच. मोडनिंबच्या पुढचं आमचं दत्तक गाव, ११ ते १७ जानेवारी. (दत्तक घेताना गावाला कुणी विचारलं नव्हतं. पुस्तिकेत हे नाही.) पटावर पन्नास स्वयंसेवक पाहिजेत. एक जरी कमी भरला तरी आमच्याकडे शिबिर अपूर्ण धरतात.

वर्गात तारखा सांगितल्या तर पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मग पुढच्या बाकावरची संस्कृती म्हणाली, "मॅडम, गड्डा आहे की."

अगं बाई! सिद्धेश्वराची जत्रा. जन्म सोलापुरात, सासर सोलापुरात, आणि जत्रेच्या आठवड्यात शिबिर ठेवणारी मीच निघाले. पत्रं गेलीत, आता काही बदलता येत नाही. गुरुशांतला सांगितलं तर म्हणाला, "इरली बिडु." असू दे म्हणे! त्याला काय जातंय.

११ जानेवारी, गावच्या शाळेत

एकोणपन्नास आले. संस्कृती नाही, फोन बंद. नक्की जत्रेतल्या पाळण्यात बसली असणार.

१२ जानेवारी

पोरांनी गटार काढायला घेतलं आणि अर्ध्या तासात सगळा गाळ रस्त्यावर आणला. शेवटी तानाबाई पुढे आल्या. शाळा आणि अंगणवाडी झाडायचं काम यांचं — ग्रामपंचायतीच्या रोजंदारीवर, एकोणीस वर्षं. "आसं न्हाय रं लेकरांनो. आदी वरचं पानी तोडा, मग गाळ उचला." स्वतः खोरं घेतलं. संध्याकाळपर्यंत पोरं त्यांना मावशी म्हणायला लागली आणि माझ्याकडे बघेनाशी झाली.

कायम करावं म्हणून त्यांनी ग्रामपंचायतीकडे अर्ज केलाय. तो शिकलेल्या भाच्याकडून लिहून घेतला, आणि त्याची नक्कल मला दाखवली. मी "छान लिहिलंय" म्हणाले. दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारून दिलं. एवढीच मदत करते मी लोकांना.

१४ जानेवारी

उद्या पाहणीला वरून माणूस येतोय. पटावर एकोणपन्नास!

संस्कृतीचा पत्ता नाही. दुपारी सुचलं. पन्नासाव्या ओळीवर लिहिलं — "तानाबाई, स्थानिक स्वयंसेविका." त्यांना बोलावून टोपी आणि बिल्ला दिला. "तुमचा सन्मान करायचाय आम्हाला," असं म्हणाले. पट भरायचाय, असं कसं म्हणणार?

"माजा? कशापायी?"

"तुम्ही पोरांना शिकवलंत ना."

आता लिहिताना वाटतंय की ते अगदीच खोटं नव्हतं. वाटतंय म्हणजे वाटून घेतेय.

१७ जानेवारी

समारोप. तानाबाईंनी प्रमाणपत्र घेण्याआधी हात दोनदा पदराला पुसले. "माज्या नावाचा पयलाच कागद हाय ह्यो," म्हणाल्या. ग्रामसेवकांना — गावात त्यांना भाऊसाहेब म्हणतात — मी पुस्तिका भेट दिली. सही करून. त्यांनी मागितलीही नव्हती.

२६ जानेवारी

जिल्ह्याच्या उत्कृष्ट कार्यक्रम अधिकारी पुरस्कारासाठी सरांनी माझं नाव पाठवलं. निकाल मार्चमध्ये. साडी ठरवून ठेवली.

६ फेब्रुवारी

तानाबाई आज कॉलेजात आल्या. सकाळी सहाच्या एसटीनं निघालेल्या. स्टाफरूमच्या दाराबाहेर चप्पल काढून उभ्या होत्या, आत या म्हटलं तरी उंबऱ्यातच. हातात ग्रामपंचायतीचं पत्र. मी वाचायला घेतलं ते जरा रुबाबातच, कायद्याची बाई ना मी.

"आपण स्वयंसेविका असल्याचे आपण स्वीकारलेल्या प्रमाणपत्रावरून दिसून येते. स्वयंसेविका नोकर समजली जात नाही. सबब आपला कायम करणेबाबतचा अर्ज निकाली काढण्यात येत असून, दि. १ पासून आपल्या सेवेची आवश्यकता नाही." सोबत दोन झेरॉक्स. एक प्रमाणपत्राची. दुसरी माझ्या पुस्तिकेच्या पान अकराची. व्याख्येखाली भाऊसाहेबांनी पेननं रेघ ओढलेली.

तानाबाई म्हणाल्या, "ह्यात तुमचं नाव हाय म्हनं. मग तुमालाच इचारावं म्हटलं. मंजी माजी नोकरी नव्हतीच का? येकोनीस वर्सं?"

"होती हो. नोकरीच होती. मी बघते काय ते," मी म्हणाले.

चहा पाजला. त्यांनी कप स्वतः धुऊन ठेवला. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं, म्हणून मी हजेरीपट चाळत बसले. चाळायला काय घेतलं तर तोच, शिबिराचा!

७ फेब्रुवारी

भाऊसाहेबांना फोन केला. फार गोड बोलले. "मॅडम, तुमची पुस्तिका म्हणजे लई उपयोगी. आम्हाला हे शब्दच म्हाईत नव्हते." तानाबाईंच्या जागी कोण, विचारलं. सरपंचांची भावजय. तीही स्वयंसेविकाच म्हणे, पण तिला ठराव करून घेतलंय.

१० फेब्रुवारी

तानाबाईंनी सोलापूरच्या कामगार कार्यालयात तक्रार केली. भाच्यानंच लिहिली. २४ तारखेला सुनावणी. मला साक्षीला बोलावलंय.

सरांनी दार लावून घेतलं. "मॅडम, तुम्ही जाऊन काय सांगणार? प्रमाणपत्र खरं म्हणालात तर ती बाई हरते. खोटं म्हणालात तर पट खोटा, शिबिर खोटं, मग तुम्ही आणि मी कुठं? आजारी पडा." सर कधी एवढं स्पष्ट बोलत नाहीत.

१३ फेब्रुवारी

आजारी पडायचं कसं, याचा विचार केला. ताप बरा वाटला.

१८ फेब्रुवारी

दत्तक गावी जाऊन आले. तानाबाईंना धीर द्यायला म्हणून गेले, खरं तर त्यांनीच तक्रार मागे घेतली असेल तर बरं, असं मनात होतं. इतकी मी थोर!

एका खोलीचं घर. देवांच्या फोटोंच्या ओळीत शेवटी मी दिलेलं प्रमाणपत्र, फ्रेम करून. खाली हळदकुंकू. "पोरं मावशी म्हनत हुती," म्हणाल्या. "कुनी इचारलं तर मी दावते. सायेबांनी हेच्यावरनं नोकरी घालवली, तरी भिंतीवरनं काडलं न्हाय. त्यात तुमचा काय दोस?"

पिठलं-भाकरी करून वाढली. सकाळपासून उपाशी होते म्हणून दोन भाकऱ्या खाल्ल्या. येताना गाडीत रडले. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "माहेराहून निघालीस व्हय?" मी हो म्हणाले.

२३ फेब्रुवारी

गुरुशांतला सगळं सांगितलं. पन्नासाव्या ओळीसकट. वाटलं, इरली बिडु म्हणेल. म्हणाला, "उद्या मी सोडतो तुला स्कूटरवर. नाहीतर परत चुकीच्या कोर्टात बसशील."

२४ फेब्रुवारी

सांगितलं! सगळं सांगितलं.

छोटी खोली, एक टेबल. एका बाजूला भाऊसाहेब, दुसरीकडे तानाबाई, माझ्यापासून हातभर अंतरावर. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी प्रमाणपत्राची झेरॉक्स समोर धरली. "ही सही तुमची?"

"माझी. पण प्रमाणपत्र खोटं आहे, साहेब. त्या सात दिवसांत या बाई ग्रामपंचायतीच्याच कामावर होत्या, त्यांचं हजेरीपत्रक मागवून बघा. मला पटावर पन्नास नावं दाखवायची होती. एक कमी पडत होतं, म्हणून यांचं घातलं."

"पण यात तर लिहिलंय, कार्याचा गौरव म्हणून—"

"गौरव वगैरे काही नव्हता, साहेब. मला फक्त एक नाव हवं होतं."

आवाज अजिबात कापला नाही. भाऊसाहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं. साहेबांनी सगळं लिहून घेतलं, मी सही केली — साधी, सराव केलेली नव्हे. बाहेर आल्यावर तानाबाईंचा हात धरला. त्यांनी तो हळूच सोडवून घेतला. फार भरून आलं असणार त्यांना. एसटीची वेळ झाली म्हणून भाच्याबरोबर लगेच गेल्या.

आयुष्यात पहिल्यांदा योग्य कोर्टात योग्य तारखेला योग्य ते बोलले. गुरुशांतनं पार्क चौकात भजी खायला घातली.

२८ फेब्रुवारी

साहेबांनी ग्रामपंचायतीला लेखी कळवलं — अर्जाचा निर्णय होईपर्यंत तानाबाईंना पूर्वीप्रमाणे कामावर घ्या. जिंकलो की!

सरांनी माझ्याकडून सेवा योजनेचा कार्यभार काढून घेतला. चौकशी बसणार. पुरस्काराचं नाव परत मागवलं. इसूफभाईंनी पुस्तिकांचा गठ्ठा गोदामात नेला, जाताना म्हणाले, "जान देव मॅडम, अच्छा काम किए." साडी कपाटात परत ठेवली. आश्चर्य म्हणजे वाईट वाटलं नाही. दिवसभर स्वतःवर खूश होते. एका बाईसाठी आपण एवढं सोसलं, असं स्टाफरूममध्ये दोघींना सांगितलंसुद्धा.

३ मार्च

सकाळी तानाबाईंचा फोन. कालपासून कामावर लागल्यात. मी म्हटलं, अभिनंदन. मग त्यांनी विचारलं, "म्याडम, त्या दिशी सायबाला सांगितलं, गौरव न्हवता म्हनून. ते माजी नोकरी वाचवायला ना?"

मी म्हणाले, "नाही, तानाबाई. ते खरंच होतं."

"बरं," म्हणाल्या. "मला वाटलं, तुमी माज्यापायी खोटं बोलला." मग शाळा उघडायची वेळ झाली म्हणून त्यांनी फोन ठेवला.