ऊनही आपत्तीच

सोमवार, संध्याकाळ

आज सातवीला नैसर्गिक आपत्तींचे प्रकार शिकवले. भूकंप जमिनीच्या पोटातला, पूर आणि वीज हवामानाच्या गटात, साथीचे रोग जैविक. उष्णतेची लाट हवामानाखाली लिहिली, तेव्हा शाळेत खिचडी शिजवणारी सुमनबाई दारातच थांबली होती.

सुट्टीत तिने विचारलं, "गुरुजी, ऊन भी आपत्तीच हाये का? पुस्तकात हाये?"

मी पान दाखवलं. तिने त्या ओळीवर बोट ठेवलं. "मंग माहा माणूस उन्हानंच मेला ना? दारूनं नाई?"

तिचा नवरा मे महिन्यात तेंदूपत्ता तोडताना कोसळला. गावाने दारूचं नाव घेतलं. त्याला आवरलं नाहीस, असं सासू तिलाच बोलते. त्या दिवशी तो प्यायला नव्हता, हे ती एकटीच सांगत राहिली.

"सासूले तुम्ही सांगा," म्हणाली. शाळा सुटल्यावर तिच्यासोबत घरी गेलो, सांगितलं. म्हातारीने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुम्हीच त म्हटलं होतं गुरुजी, तो पेऊन होता म्हून."

खरं आहे. पंचनाम्याला गोंडपिपरीहून तहसीलची माणसं आली, तेव्हा मी काही न पाहता तसं बोललो होतो. काऊन बोललो? सगळे म्हणत होते म्हणून?

सुमनबाई माझ्याकडे बघत राहिली. तिला हे ठाऊक नव्हतं.

"मी चुकलो, बाई," एवढंच म्हणता आलं.

 म्हातारी सरकत सुनेजवळ गेली, तिच्या पाठीवर हात ठेवून रडू लागली. त्या दोघींकडे मला बघवेना. तसाच उठून आलो.