भाकरीचा हप्ता

॥ श्री ॥
ढाणकी, ता. २ जुलै १९६१

ती. विमलताईस, धाकट्या वामनचा शि. सा. नमस्कार वि. वि.

इकडे सर्व खुशाल असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणजे खुशाल फक्त बैल आहेत.

तुझा गुणवंता उन्हाळ्यात येऊन गेला, तेव्हाच हे सगळं सुरू झालं. नवीनच विमा एजंट झालो, पहिली पॉलिसी मामाचीच पाहिजे, म्हणून ओसरीवर ठाण मांडून बसला. भाच्याला रिकाम्या हाती पाठवू नये असं आपली आई सांगायची. एरवी मी धोतरजोडी देऊन सुटलो असतो. पण त्याचं बोलणं मला पटलं, ताई. आम्हाला मूलबाळ नाही. माझ्या मागे शकुकडे कोण पाहील, हे शेतात डवरा हाकताना रोज मनात येतं. म्हणून मी सही केली.

पुढे उमरखेडला डॉक्टरनं मला उघडा करून छाती मोजली, जीभ बाहेर काढायला लावली, काट्यावर उभं करून कापसाच्या गाठोड्यासारखं तोललं. आपला गडी भीमसिंग हे खिडकीतून पाहत होता. त्यानं गावभर सांगितलं की मालकाले मोठी बिमारी हाय, डाक्टरनं हाडं मोजली. झालं! बाया शकुला भेटायला येऊ लागल्या, मला पाहून डोळ्याला पदर लावू लागल्या. शेजारच्या वच्छलाबाईनं तर माझ्यासाठी मऊ भात आणला. मी तेव्हा तुरीचं पोतं पाठीवर घेऊन चाललो होतो.

इथवर शकु हसतच होती. पण गेल्या बुधवारी वटपौर्णिमा. ती सकाळपासून निर्जळी, वडाला सूत गुंडाळून दारात आली, तोच गुणवंता पॉलिसीचा कागद घेऊन हजर. त्यानं मोठ्या हौसेनं वाचून दाखवलं की मामा गेल्यावर सारी रक्कम मामीची. तिच्या हातात पूजेचं ताट होतं. म्हणाली, मी आत्ता वडापाशी सवाष्ण मरण मागून आली, अन् तुम्ही मामाभाच्यांनी मले कागदावर विधवा करून टाकलं काय?

त्या दिवसापासून ती एकभुक्त आहे. सोमवार होताच, आता शुक्रवार धरला, शनिवार धरला. मलेच आधी जायचं हाय तर उशीर कायले, असं म्हणते. म्हणते म्हणजे मला नाही, ढवळ्या बैलाला. माझ्याशी जे बोलायचं ते सारं ती त्याच्याशी बोलते, आणि तोही कान हलवतो.

ती वाळत चालली आहे. मला विमा नको, शकु पाहिजे. सोबत पॉलिसी रद्द करण्याचा अर्ज जोडला आहे, तो गुणवंताला दे. भाच्याची पहिलीच पॉलिसी मामानं मोडावी याची मला लाज वाटते. धोतरजोडी नक्की, असं त्याला सांग.

रागावली असशील तर रागाचं का होईना, पण पत्र धाड.

तुझा
वामन

*

॥ श्री ॥
बाभुळगाव, ता. ९ जुलै १९६१

चि. वामन यास विमलताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आणि अर्ज पोचला. अर्ज वाचून गुणवंता जेवला नाही. मामानंच मोडली तर बाकीचं जग माह्यं काहून ऐकेल, असं म्हणत बसला. मी त्याला म्हटलं की बाबा, जी बाई नवऱ्यासाठी दिवसभर पाण्याचा थेंब तोंडात घेत नाही, तिच्यापुढे त्याच दिवशी त्याच्या मरणाचा कागद वाचायचा नसतो. निदान दुसऱ्या दिवशी ती उपास सोडेपर्यंत थांबायचं. पण विम्याच्या शिकवणीत हे शिकवत नसावेत.

आता तुझं. छाती कितीची आहे हे डॉक्टरला कळलं, भीमसिंगाला कळलं, सगळ्या ढाणकीला कळलं. बैल विकायचा तर तू शकुला विचारतोस, आणि स्वतःच्या मरणाचा सौदा परस्पर करून आलास! मी असते तर मीही बैलाशीच बोलले असते.

अर्ज मी पुढे जाऊ दिलेला नाही. पापडाच्या डब्यात ठेवला आहे. शकुनं स्वतःच्या हातानं लिहिलं की रद्द करा, तरच तो बाहेर निघेल. तिला लिहायला सांग. ती चौथी शिकली आहे, तुझ्यापेक्षा तिचं अक्षर बरं.

जपून राहा आणि तिला जप.

तुझी
विमलताई

*

॥ श्री ॥
ढाणकी, ता. १७ जुलै १९६१

ती. ताईंना, शकुचा पदर धरून नमस्कार.

तुम्ही लिही म्हटलं म्हणून लिहिते. नाहीतर मला काही सांगायचं नाही.

हे म्हणतात, माझ्या मागे तुझं कसं होईल याची काळजी वाटते. म्हणजे मागे मीच राहायची, हे यांनी ठरवून टाकलं. मी इतकी वर्षं वडाला फेरे घालते ते काय पायाला कळ लागावी म्हणून? मी सात जन्म मागते आणि हे पहिल्याच जन्मात मधल्या गावाला उतरून जायचं तिकीट काढून आले. वर मला पैसे देतात. ते पैसे मी कोणत्या हातानं घेऊ ताई, बांगड्या नसलेल्या?

गावातल्या बाया विचारतात की खरंच काय झालं हो यांना. मी म्हणते काही नाही, पोतं उचलतात. तर त्या म्हणतात, असंच असते, दिव्यात तेल सरताना ज्योत मोठी होते. त्या गेल्या की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. मग मी शेतात जाऊन यांना दुरून पाहून येते.

उपासाचं त्यांनी उगाच वाढवून लिहिलं असेल. मला काही होत नाही. परवा विहिरीपाशी जराशी अंधारी आली, तेवढंच. घागर फुटली.

अर्ज पाठवून द्या. पापड मऊ पडतील.

गुणवंताला म्हणावं मामीचा राग त्याच्यावर नाही. कागदावर आहे.

आपली
शकु

*

॥ श्री ॥
बाभुळगाव, ता. २२ जुलै १९६१

चि. सौ. शकुस अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र तुझ्याशिवाय कोणी वाचू नये. वामननं मागितलं तर पापडाची कृती आहे म्हणून सांग.

शकु, वड मीही पुजला. तुझ्या सोमवारासारखे माझे दोन वार होते, शिवाय चातुर्मासात मीठ सोडत असे. सवाष्ण मरण मीही मागितलं, तुझ्याइतकंच मनापासून. तरी गुणवंताचे बाबा तापानं आजारी पडले आणि गेले. लोक म्हणाले, व्रतात काही उणं राहिलं असेल. मी कितीतरी दिवस तेच शोधत बसले. आता सांगते, बाई, व्रत उणं नव्हतं. त्यांचं आयुष्यच तेवढं होतं.

तेरावं झालं, पाहुणे गेले. मला वाटलं आता मोकळेपणी रडावं. पण आधी मी पिठाचा डबा उघडून पाहिला. लेकरू शाळेतून यायचं होतं. मला रडायला सवडच मिळाली नाही गं. त्या दिवशी कोणी दारात उभं राहून म्हटलं असतं की विमलबाई, तुम्ही आज रडून घ्या, त्यांनी तुमची सोय करून ठेवली आहे, तर मी त्या माणसाच्या पाया पडले असते.

वामननं तुला विधवा लिहिलेलं नाही. तुला रडायला सवड मिळावी एवढंच त्यानं लिहिलं आहे. त्याला ते नीट सांगता आलं नाही, कारण तो आमच्या घरातला आहे आणि आमच्यात पुरुषांना नीट सांगताच येत नाही.

अर्ज धाडा असं तू लिहिलंस खरं, तरी हे वाचून पुन्हा एकदा सांग, मग तू म्हणशील ते. रद्द कर म्हटलंस तर अर्ज दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाईल आणि मी पुन्हा विषय काढणार नाही. पण आज पोटभर जेव. फुटलेल्या घागरीचं लिहिलंस, ते वाचल्यापासून मला घास गोड लागत नाही.

तुझी
विमलताई

*

॥ श्री ॥
ढाणकी, ता. ८ ऑक्टोबर १९६१

ती. विमलताईस, वामनचा शि. सा. नमस्कार वि. वि.

फार दिवसांनी लिहितो आहे. कारण पुढे कळेल.

तू शकुला काय लिहिलंस ते मला ठाऊक नाही. ती म्हणते पापडाची कृती. पण ते पत्र घेऊन ती गोठ्यात गेली आणि बऱ्याच वेळानं लाल डोळ्यांनी बाहेर आली. चुलीपुढे बसून आंबाडीच्या भाजीशी दोन भाकरी खाल्ल्या. मग मला, म्हणजे बैलाला नाही, मलाच म्हणाली, राहू द्या तो कागद.

मी देवाला नारळ फोडायला निघालो, तोच तिनं पुढचं सांगितलं. आता तिचाही विमा पाहिजे, आणि पैसे माझ्या नावानं. कारण आधी ती जाणार, हे तिनं अजून सोडलेलं नाही. गुणवंताला बोलावणं धाडलं. त्यानं चाचरत सांगितलं की मामी, ऑफिस म्हणते कमावत्या माणसाचाच विमा उतरवा. झालं! माझा विमा परवडला असं तिचं तोंड सुटलं. कापूस कोण वेचते, म्हैस कोण पिळते, याले गरम खाऊ कोण घालते, याच्या जाण्यानं घर बसते अन् माह्या जाण्यानं काय फक्त खाट रिकामी होते काय? गुणवंता चहा अर्धा टाकून पळाला. तिचा एकही शब्द खोटा नव्हता.

ऑफिस ऐकत नाही म्हटल्यावर तिनं आपला विमा घरीच उतरवला. मी तिच्या मागे उपाशी राहू नये म्हणून ती मला स्वयंपाक शिकवते आहे. दर रविवारी एक हप्ता. आधी चहा झाला, मग वरण, मग पिठलं. हप्ता चुकवायची सोय नाही. भीमसिंग दाराशी उभा राहून पाहतो आणि गावात बातमी देतो. आता गाव म्हणते की बिमारी डोक्यात चढली.

सध्या भाकरीचा हप्ता चालू आहे. दीड महिना झाला, पुढे सरकत नाही. माझी भाकरी एका बाजूनं हटकून जळते.

एक गोष्ट फक्त तुला सांगतो, शकुला कळवू नकोस. भाकरी मला कधीच जमली आहे. ती निंदणाला गेली असताना मी एकट्यानं करून पाहिली. चांगली गोल झाली, टम्म फुगली. मी ती ढवळ्याला घातली, तो कोणाला सांगत नाही. पण रविवारी शकु समोर बसली की मी मुद्दाम एक बाजू जाळतो. ती कपाळाला हात लावते आणि म्हणते, या माणसाले असं टाकून मी मरू तरी कशी? ते ऐकलं की मी पुढच्या भाकरीचं पीठ मळायला घेतो.

भाऊबीजेला आम्ही दोघं येतो. पिठलं माझ्या हातचं. भाकरी मात्र शकुच करील. लोभ आहेच. डब्यातला अर्ज आता चुलीत घाल आणि पापड आमच्यासाठी राखून ठेव.

तुझा
वामन