तुळशीला बांधलेली जाळीची तार

अहो,

तुम्ही असताना तुम्हाला कधी साधी चिठ्ठीसुद्धा लिहिली नाही. समोर माणूस असताना कागद कशाला वाया घालवायचा? पण काल धावपट्टीवर जे झालं, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय आज माझा जपही नीट होईना. माळ हातात आणि मन तिकडे. म्हणून माझ्या मॅट्रिकच्या अक्षरात लिहायला बसले आहे. हसू नका.

ती जाळीची तार मी घेतली होती. आधी एवढं कबूल करते.

दोन वर्षांपूर्वीची देवउठनी ग्यारस, आपली कार्तिकी एकादशी, आठवते? तुळशीच्या लग्नाचा ऊस आला, मांडव उभा केला, आणि सुतळी संपलेली. घरात तारांचा ढीग असताना नवी कशाला आणायची, म्हणून तुमच्या फडताळात हात घातला. करड्या रंगाची तार होती, कापलेल्या टोकातून चांदीसारखी जाळी चमकत होती. मला वाटलं, देवाच्या कामाला किती शोभेल!

तुम्ही ती ग्लायडरच्या माइकसाठी जपली होती. रेल्वेच्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर तेवढाच एक नाद तुम्हाला. बिनइंजिनाचं विमान, चालवणाऱ्याचे हात गुंतलेले. तोंडापाशी वाकणारा माइक बसवून तो आतल्या रेडिओला जोडला, की वर गेलेल्याला खालच्याशी बोलता येतं. जेवताना किती वेळा समजावलंत मला! मी "हं, हं" करत पोळ्या वाढत राहिले.

"अगं, ती करडी तार पाहिलीस का? उद्या माइक बसवायचाय."

"तुमच्या तारांची राखण मी करत नाही!"

ठाऊक असून असं बोलले. एवढ्या गुंडाळ्यांतली एक गेली तर काय, असं वाटलं मला.

मग तुम्ही अंगणात आलात. तुळशीसमोर कितीतरी वेळ नुसते उभे. मी आतून ओरडले, "पाहता काय? नमस्कार तरी करा!" तुम्ही मुकाट्याने केलात. का नाही म्हणालात, ही सोड, मला हवी आहे? सासूबाईंची रीत आड आली का, की मांडवाची गाठ आपणहून सुटेपर्यंत सोडायची नाही? मागितली असतीत तर मी दिली असती, असं लिहिणार होते. पण खोटं कशाला लिहू? दिली नसती. भांडले असते.

झाशीत तशी तार मिळाली नाही. "दिल्लीहून मागवतो," म्हणालात, तर मी म्हटलं, "हातभर तारेसाठी दिल्ली?" झालं. तोही विषय संपला.

साधी तार लावून गेलात आणि दुपारीच परत आलात. टोपी खुंटीला अडकवली. "बटण दाबून बोललं की भुणभुण येते," एवढंच म्हणालात. मी काय बोलले, आठवतं? "बरं झालं. आता देवाचं नाव घ्या."

त्यानंतर तुम्ही धावपट्टीवर गेला नाहीत. रविवारी ओसरीत बसायचात, वर्तमानपत्राचं पान न उलटता. मला वाटायचं, माणूस निवांत झाला! गेल्या चैत्रात तुम्ही गेलात, तोवर मी हेच समजत होते.

परवा नंदिनी आली. सिव्हिल लाइन्समधली मुलगी, ग्लायडर शिकते. हातात तुमचाच माइक, तुम्ही साधी तार लावून गेलात तेव्हा तिथेच ठेवून आलेला. "आंटी जी, अंकल जी की कोई कॉपी होगी? हमें तो समझ में ही नहीं आ रहा कि कौन सा तार कहाँ जोड़ा है।" तिच्याकडूनच कळलं, तिथे शिकवणारे चौहान साहेब त्या दिवशी सगळ्यांसमोर हसत म्हणाले होते, "दामले जी, इसमें तो मक्खियाँ बोल रही हैं! अब आप आराम कीजिए।"

तुमची वही काढली. माइकचं चित्र, आणि खाली तुमचं तिरकं अक्षर: "जाळीची तार तुळशीपाशी आहे. सोडवू नये. साध्या तारेने भुणभुण येणार."

येणार! म्हणजे तुम्हाला आधीच ठाऊक होतं. तरी गेलात, चारचौघांत ऐकून घेतलंत, आणि घरी येऊन माझंही. इतकं गप्प राहायचं असतं का हो?

मी आंघोळ केली, तुळशीला दिवा लावला, तिची क्षमा मागितली आणि गाठ सोडली. ऊस केव्हाच वाळून पडला होता, तारच तेवढी रोपाला धरून होती. नंदिनीने काळी पडलेली टोकं कापली. आतली जाळी तशीच लखलखीत! ती ओसरीतच सोल्डरिंग करायला बसली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "जाली एक ही सिरे पर जोड़ना बेटा, दोनों तरफ़ नहीं।"

"आंटी जी, आपको कैसे पता?"

कसं सांगणार? पोळ्या वाढताना कान उघडे होते, एवढंच. तुम्हाला कधी कळू दिलं नाही.

काल तिने मला धावपट्टीवर नेलं. ग्लायडर जमिनीवरच उभं होतं. तिने मला आत बसवलं, माइक तोंडापाशी वाकवला. "पहले आप बोलिए।" दूर एका टेबलावर खालचा रेडिओ, भोवती चौहान साहेब आणि सगळे. बटण दाबलं आणि म्हटलं, "मैं दामले जी के घर से बोल रही हूँ। ग़लती उनकी नहीं थी। अच्छा वाला तार मैंने ले लिया था।"

पलीकडून चौहान साहेबांचा आवाज आला, अगदी हळू. "साफ़ सुनाई दिया, भाभी जी। एक-एक शब्द।"

सगळ्यांनी ऐकलं. ज्यांना ऐकवायचं होतं ते तुम्ही तेवढे नव्हतात.

यंदा ग्यारसेला मांडव सुतळीने बांधीन, दुकानातून नवी आणून. आणि तुमच्या फडताळातल्या कशालाही हात लावायच्या आधी तुम्हाला विचारीन. उत्तर आलं नाही, तर होतं तिथेच ठेवीन.

तुमची,
कुसुम