दोन बोटं धार

४ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक आहे असं लिहायला घेतलं होतं, पण तुझ्यापासून काय लपवायचं? काल आईचं बोट कापलं. डाव्या हाताचं पहिलं बोट, तीन टाके पडले. मी दुकानात घड्याळांत डोकं घालून बसलेला, ही हॉस्पिटलात ड्यूटीवर. घरी येऊन बघतो तर आई बोटाला फडकं गुंडाळून कांदा परततेय आणि मलाच सांगतेय, आज जेवायला जरा उशीर होईल.

डॉक्टरांनी मागेच सांगितलं होतं, डोळ्यांची नस सुकलीय, गेलं ते परत यायचं नाही. तिला आता उजेड कळतो आणि माणसाची सावली कळते, बस्स. म्हणून मी आधीच काळजी घेतली होती. गेल्या महिन्यात ती झोपलेली असताना घरातल्या सगळ्या सुऱ्यांची धार माझ्या बारीक कानशीनं घासून टाकली. तिला पत्ताही लागू दिला नाही. तरी हे झालं. बोथट सुरीनं तीन टाके, मग धारदार असती तर काय झालं असतं?

तेव्हा आता पक्कं ठरवलंय. सुऱ्या, किसणी, कात्री, सगळं दुकानाच्या कपाटात कुलूपबंद. पहिल्या तारखेपासून दोन्ही वेळचा डबा. आईला सांगितलं, तर बरं म्हणाली आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली. आजही तशीच बसलीय. तुझा शब्द ती मोडत नाही, म्हणून तिला दोन ओळी लिही की चिमणचं बरोबर आहे. मी वाचून दाखवीन.

तुझा लोभ आहेच, त्यातला थोडा या वेळी माझ्या बाजूनं खर्च कर.

तुझा,
चिमण


९ ऑगस्ट

चि. चिमण यास,
अ. आ.

पत्र वाचलं आणि भटारखान्यात सगळ्यांसमोर कपाळावर हात मारून घेतला. अरे शहाण्या, आईचं बोट डोळ्यांमुळे नाही कापलं, तुझ्या कानशीमुळे कापलं.

हॉटेलच्या या स्वयंपाकात माझी हयात गेली. इथे टाके पडतात ते बोथट सुरीनं. धारदार सुरी जिथे ठेवशील तिथे जाते. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, मग ती कांद्यावरून घसरते आणि तो सगळा जोर बोटावर येतो. तुझ्या स्क्रूड्रायव्हरची टोकं कुणी मायेनं गोल करून ठेवली तर तू त्याला काय म्हणशील, ते मी इथे लिहीत नाही.

आईनं ती मोठी सुरी घेतली तेव्हा मी सोबत होते. दुकानदार रंगीत मुठींच्या, चकचकीत सुऱ्या दाखवत होता. आईनं तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मूठ संपते तिथे बोटावर आडवी धरून एकेक सुरी तोलली, मूठ जड की पातं ते बघितलं. दुकानदाराला जांभया यायला लागल्या. शेवटी घेतली ती सगळ्यांत काळपट. तेव्हापासून ती सुरी कधी खरकट्यात पडून राहिली नाही. वापरली की धुवायची, पुसायची, जागेवर ठेवायची. म्हणून तर न दिसताही तिच्या हाताला ती बरोबर सापडते.

भीती मलाही वाटते रे. पण स्वयंपाकघर काढून घेतलंस तर आई बसून राहील, आणि बसलेली आई मला बघवणार नाही. मोठी सुरी कुरियरनं पाठव. तोवर डबा ठरवू नकोस. आणि त्या दोन ओळी काही मी लिहिणार नाही.

रागावले आहे, म्हणून लोभ कमी झाला असं समजू नकोस.

तुझी,
ताई


१७ ऑगस्ट

चि. चिमण यास,
अ. आ.

सुरी मिळाली. खिडकीशी नेऊन उजेडात धरली. चांगली धार डोळ्यांना दिसतच नाही, बोथट झालेली पांढऱ्या रेघेसारखी चमकते. तुझी रेघ टोकापासून निघाली आणि मुठीच्या दोन बोटं अलीकडे थांबली. मला वाटलं, तेवढी जागा घासायची तू विसरलास. मग भिंग लावून पाहिलं. विसरला नव्हतास. तुझ्या घासण्यावर दुसरे ओरखडे आहेत, बारीक, दाट, सगळे एकाच तिरप्या रेषेत. कुणीतरी कपाच्या बुडाच्या खरखरीत कडेवर धार परत आणलीय. धारेचा दगड हाताशी नसला की कप पालथा घालायचा, ही आपल्या घरात फक्त आईची सवय.

माझ्या अंगावर काटा आला. दोन्ही बाजूंना सारखा तिरपेपणा ठेवणं धडधाकट डोळ्यांच्या माणसांना जमत नाही, माझ्याकडचे लोक वर्षभर चुकतात. तिनं हे बोटांनी आणि कानांनी केलंय. पातं जरा कललं की आवाज बदलतो, तो ऐकत ऐकत. मी सुरी हातात घेऊन बसले आणि मला रडूच आलं. बाकीच्या पात्याला धार लावली, पण तिच्या दोन बोटांना हात लावला नाही. तिथे माझं काही काम नव्हतं.

म्हणजे तिला सगळं माहीत होतं आणि ती बोलली नाही. का, ते मला कळत नाही, तूच विचार. सुरी तिच्या हातात दे, सूचना देऊ नकोस, आणि बाजूला उभा राहा.

तुम्हा तिघांवर लोभ, आईवर अंमळ जास्त.

तुझी,
ताई


२३ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सुरी परवा आली. काल आईच्या हातात दिली. तिनं मूठ धरली आणि अंगठा पात्यावर आडवा, अगदी हलका, टोकापर्यंत नेला. म्हणाली, ताईनं लावलीय, हात जरा जड आहे तिचा. चिडू नकोस, मी फक्त निरोप पोचवतोय.

मग तिनं ओट्यावर ओलं फडकं पसरून त्यावर फळी ठेवली, म्हणजे हलायला नको. कांदा सोलला. डाव्या हाताची बोटं आत दुमडली, टाक्यांचं बोट सगळ्यांत मागे, आणि पातं मधल्या बोटाच्या पेराला टेकवलं. सुरी त्या पेराच्या आधारानं चालते, डोळ्यांच्या नाही, हे मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. पेर केसभर मागे सरकायचं, पातं खाली यायचं. काप इतके पातळ की खालच्या फळीचा रंग दिसत होता. मी बारीक कामावर पोट भरणारा माणूस, पण असा हात मला नाही. ही ड्यूटीवरून आली ती पर्स खांद्यावर तशीच ठेवून दारात थांबली.

नंतर मी विचारलं, सुरी बोथट झाल्याचं तुला कधी कळलं? म्हणाली, दुसऱ्याच सकाळी, टोमॅटो चिरायच्या ऐवजी चिरडला तेव्हा. मग बोलली का नाहीस, असं विचारलं. तर म्हणाली, डोळे गेल्यापासून तू रात्रभर उठून उठून मी ओट्याशी आहे का बघायला यायचास, मी जागीच असायचे. सुऱ्या घासल्यास आणि तू झोपायला लागलास. तुझी झोप परत मोडावीशी वाटली नाही. मला दोन बोटं धार पुरत होती. त्या दिवशी कांदा मोठा निघाला, एवढंच.

ताई, मी ओट्याला टेकून लहान पोरासारखा रडलो. मला वाटत होतं, मी तिला सांभाळतोय. डब्याला नको म्हणून कळवलंय आणि कपाटातलं सगळं जागच्या जागी आणून ठेवलंय.

भीती मात्र गेलेली नाही, खोटं कशाला सांगू? आज सकाळी तिनं कोबी घेतला आणि माझा हात आपोआप पुढे झाला. तिला सावली कळली असावी. सुरी न थांबवता म्हणाली, एवढी भीती वाटत असेल तर डोळे तू मीट.

मी मिटले नाहीत. कोबी संपेपर्यंत बघत उभा राहिलो. दुकान उघडायला उशीर झाला.

अशीच वेळेवर रागावत जा, तुझा लोभ मला त्यातूनच पोचतो.

तुझा,
चिमण