बरणी फुटली

अप्पा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षे झाली की आता मी तुमच्यापेक्षा वयाने मोठा आहे. हे वाक्य मी दोनदा तपासले. त्यात दोष नाही, तरीही ते चुकल्यासारखे वाटते. लिहिण्यास निमित्त एका वहीचे आहे. डॉक्टरीणबाईंनी ती मला ठेवायला लावली. दिवसा कशाचा त्रास झाला, तेव्हा मनाला आणि शरीराला काय झाले, आणि झोप कशी लागली, एवढे रोज लिहायचे. वहीची पुढची पाने त्यांच्यासाठी आहेत. मागच्या पानांवर मी तुम्हाला लिहीत आहे, कारण माझ्या वाक्यांवर बोट ठेवण्याचा अधिकार आजवर मी दुसऱ्या कोणालाही दिलेला नाही.

डॉक्टरीणबाई वयाने माझ्या नातीएवढ्या. त्या तमिळ बोलतात आणि मला ताता, म्हणजे आजोबा, म्हणतात. वही देताना त्यांनी विचारले, "ताता, राग आला की अंगात कुठे कळतं?" मी म्हणालो, "जबड्यात. लग्नपत्रिकेत चूक दिसली तर छातीपर्यंत." पंचांगे आणि पत्रिका छापणाऱ्या छापखान्यात मी चाळीस वर्षे मुद्रिते तपासली, हे त्यांना ठाऊक होते. त्या हसल्या. "पत्रिका छापणारा घरी जाऊन झोपतो. ती चूक उशीखाली घेऊन जागता तुम्ही. रक्तदाब माझ्या गोळीनं उतरतो आणि शेजाऱ्याच्या भोंग्यानं चढतो. मग मी गोळ्या वाढवायच्या तरी किती? बोलून दाखवलेला राग नुसता तापवतो, ताता. गिळलेला रात्रभर आत बसून राहतो." नंतर त्यांनी सहज विचारावे तसे विचारले, "वडिलांनाही झोपेचा त्रास होता का?" मी सांगितले, "मुळीच नाही." इतके नेमके त्यांना कोणी सुचवले असेल, या विचारात मी घरी आलो. दवाखान्याबाहेरच्या बाकावर सून बसली होती. मी आत जाण्यापूर्वी ती डॉक्टरीणबाईंशी दोन शब्द बोलली होती, हे मी पाहिले होते.

घरात आम्ही दोघेच असतो. मुलगा चेन्नईला नोकरी करतो आणि महिन्यातून एकदा येतो. सून पापनाशम्ची, आपल्यातलीच, म्हणजे पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या मराठी घरातली. लग्न होऊन आली तेव्हा तिची मराठी म्हणजे आईच्या स्वयंपाकघरातली मराठी: जुनी, गोड, आणि निम्मी तमिळ. मी तिला तुमच्या पद्धतीने शिकवले. ऱ्हस्व-दीर्घ, विभक्ती, प्रयोग, आणि समासात मुद्रितशोधकाच्या खुणा कशा करतात तेही. ती भराभर शिकली, अक्षराचे वळणही तिने माझेच उचलले, बोलायची मात्र माहेरचीच भाषा. हे सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचा संबंध येतो.

दुपारच्या कॉफीची चव बदलली हे मला मागच्या महिन्यात कळले. कॉफीसाठी ख्यात असलेल्या या गावात जन्मलेल्या माणसाला ते न कळते तरच नवल. पहिल्या दिवशी वाटले, दूध बदलले असेल. तिसऱ्या दिवशी दवरा, म्हणजे कॉफीची पितळी वाटी, हातात धरून मी हुंगत बसलो. गोळी कुटून घातली असावी, असा माझा तर्क होता. मी कोणाला न सांगता चुकवलेल्या गोळ्या, तिने डॉक्टरीणबाईंशी बोललेले दोन शब्द आणि मुलाचा फोन आला की तिचे अंगणात जाऊन हळू बोलणे, हे सगळे मी एका ओळीत मांडले आणि ती ओळ मला शुद्ध वाटली. शेवटी मी विचारलेच.

"कॉफींत काय घातलीस?"

"दूध, साखर, डिकाक्शन."

"आणखी?"

"आणखी तुमचा संशय, मामंजी. तो मी घातलों नाहीं, तुम्हीच घेऊन आलांत."

"मला उलट उत्तरे नकोत."

"सरी, बरं. माझ्या हाताचं विष वाटतं ना? उद्यांपासून तुमची कॉफी तुम्हीच करा. मी चार दिवस पापनाशम्ला अम्माकडे जातें. मागून खुशाल जेवा, कोण काय घालतं पाहूं."

चार दिवस म्हणाली, पण 'जातें' म्हणताना तिने माझ्याकडे पाहिले नाही. ते चार दिवस चार राहतील की नाही, हे मला त्या क्षणी सांगता आले नसते. मी हात झटकला. कट्ट्यावर तिच्या आईने पाठवलेल्या लिंबाच्या लोणच्याची काचेची बरणी होती. ती खाली गेली. सुनेने केरसुणी घेतली, काचा गोळा केल्या, आणि फरशी तीन वेळा पुसली. मी अनवाणी फिरतो म्हणून. संध्याकाळी मी वहीत लिहिले: "दुपारी मला राग आला. बरणी फुटली. शारिरिक त्रास नाही. झोप उत्तम." झोपण्याआधीच मी झोप उत्तम लिहून टाकत असे. त्यात वेळ वाचतो.

सून गेली नाही. पिशवी मात्र दाराशी भरलेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी कट्ट्यावर डिकाक्शन, म्हणजे कॉफीचा अर्क, उतरवायचा फिल्टर, दूध आणि साखर मांडून ठेवलेली होती, आणि मी स्वतः केलेली कॉफी मला गिळवली नाही. आता माझा संशय वहीकडे वळला. ती जागा बदलते, असे मला वाटू लागले. कोणी वाचते आहे का, हे पाहण्यासाठी मी एक सापळा लावला. जन्मात कधी केली नाही अशी चूक मी जाणूनबुजून केली: "झोप चांगली लागलि." शेवटचा इकार ऱ्हस्व. जो शिकलेला असेल, त्याचा हात त्यावर थांबल्याशिवाय राहणार नाही. वही मेजावर उघडी ठेवून मी कुंभेश्वराच्या देवळात जाऊन आलो.

अप्पा, त्यापुढचे सांगण्याआधी मला पाटीची गोष्ट सांगितली पाहिजे. मी दहा-अकरा वर्षांचा आहे. धाकट्या बहिणीची पाटी फुटली आहे आणि ती रडते आहे. तुम्ही शाळेतून आला आहात, पाय धुतले आहेत, तिण्णैवर, दारापुढच्या ओट्यावर, बसला आहात, आणि मला घडले ते लिहून आणायला सांगितले आहे. संस्कृतच्या मास्तराच्या घरी गुन्हासुद्धा लेखी. मी लिहून आणतो: "मला राग आला आणि पाटी फुटली." तुम्ही कागद बराच वेळ पाहता. पेन्सिलीने एक रेघ ओढता. "कर्ता कोण?" मी म्हणतो, "पहिल्या वाक्यात राग, दुसऱ्यात पाटी." तुम्ही म्हणता, "बरोबर. व्याकरण शुद्ध आहे. वाक्य खोटं आहे. पाटी आपली आपण फुटली काय रे?" त्या संध्याकाळी मी पन्नास वेळा लिहिले, मी पाटी फोडली. फुटणे आणि फोडणे यांतला फरक मी त्यानंतर कधी विसरलो नाही, असे मी आजवर समजत होतो.

पण तुमच्या स्वतःच्या वाक्यांचे काय, अप्पा? मुख्याध्यापकांनी तुमच्याविरुद्ध वर काहीतरी लिहून पाठवले आहे, असे तुम्ही वर्षानुवर्षे धरून चालला होता. काय लिहिले, ते कोणी पाहिले नाही. तुम्ही घरी यायचात, भात निवत जायचा, आई दारातून हाक मारायची, "या हो जेवायला," आणि तुमचा जबडा हलत राहायचा, ताटावर बसण्याच्या खूप आधी. आई आम्हाला म्हणायची, "अप्पांस झोंप नाहीं, आवाज करूं नका." सारे घर चवड्यांवर चालायचे. एका दुपारी तुम्हाला शाळेच्या जिन्यावरून चौघांनी उचलून आणले, ते तुम्ही परत उठला नाहीत. कर्ता कोण, हे तुम्हाला तोवर कोणी विचारले नव्हते. आमच्यात तेवढे धाडस नव्हते.

देवळातून आलो तेव्हा वही होती तिथेच होती. 'लागलि'वर पेन्सिलीची बारीक खूण होती आणि समासात दीर्घ ईकार. मी जिंकलो होतो. संशय खरा निघाल्याचा आनंद काय असतो, ते तुम्हाला सांगायला नको. मग मी त्याआधीच्या नोंदीचे पान उलटले. "बरणी फुटली" याखाली रेघ होती आणि समासात दोन शब्द होते, माझ्याच वळणाच्या, म्हणजे तुमच्याच वळणाच्या अक्षरात: कर्ता कोण?

मी वही घेऊन स्वयंपाकघरात गेलो. ती तांदूळ निवडत होती. पिशवी दाराशीच होती.

"तू वाचतेस?"

"वाचतें की. रोज उत्तम, उत्तम लिहितां. डोळे पाहिलांत का आरशांत? डॉक्टर हें वाचून गोळी ठरवणार, आणि तुम्ही त्यांस पत्रिकेसारखं छापून देतां."

"आणि कॉफी?"

तिने सूप खाली ठेवले. "दुपारच्या कॉफींत डिकाक्शन अर्धं घालतें. डॉक्टरांनी बंदच करायला सांगितलें होतें. तुम्हांस सांगितलें असतें तर घर डोक्यावर घेतलें असतेंत. तुमच्या लेकालाही हेंच सांगत होतें."

म्हणजे मी बरोबर होतो. कॉफीत बदल होता, माझ्यामागे बोलणे होते, वही वाचली जात होती. एकही तर्क चुकला नव्हता, आणि तरी सगळे वाक्य खोटे होते. मी तांदळाच्या सुपाशी उभा राहिलो. राग येतो, भीती वाटते, झोप लागत नाही. या सगळ्या वाक्यांत मी 'मला' होऊन कडेला बसतो आणि क्रिया दुसरेच कोणी करते. संशय येतो, असेही म्हणता येते, हे मला ठाऊक आहे. पण मी तो घेत होतो. रोज दुपारी, दवऱ्याबरोबर, दोन्ही हातांनी.

"बरणी मी फोडली," मी म्हणालो.

"लिहा मग," ती म्हणाली. मी तिच्यासमोर लिहिले. तिने वाचले, मान हलवली आणि पिशवी उचलून आत नेली. दुपारी दवरा समोर आला. मी हुंगला, सवय एका दिवसात जात नाही. अर्धीच कडक होती. ती मी संपवली. परवा डॉक्टरीणबाईंकडे जायचे आहे. तुमच्या झोपेविषयी मी जे सांगितले होते, ते दुरुस्त करीन.

हे पत्र तुमच्यापर्यंत येणार नाही. ते या वहीतच राहील, आणि वही मेजावर राहील, हे जाणूनच लिहिले आहे. एकच गोष्ट उरली. त्या पानावर तिची तिसरी खूणही होती: 'शारिरिक' या शब्दावर, 'री' दीर्घ करून. "ही चूकसुद्धा तुझी परीक्षा पाहायला मुद्दाम ठेवली होती," असे मी तिला सांगितले, आणि तिने ते खरे मानल्यासारखे केले. अप्पा, ती चूक मी मुद्दाम ठेवली नव्हती.